गांजाच्या शेडमध्ये अडकलेले 60 हजार डॉलर, आणि वर अजून 25 हजार टाकावेत का

प्रश्न कॅनडातल्या मिसिसागाहून आलाय. 2022 मध्ये मंडळातल्या जुन्या मित्राच्या कंपनीत यांनी 60 हजार डॉलर टाकले, 35 हजार सेव्हिंगचे आणि 25 हजार घरावरच्या लाईन ऑफ क्रेडिटमधून. ऑन्टारियोत गावाबाहेर शेड बांधायची, मायक्रो कल्टिव्हेशनचं, म्हणजे छोट्या प्रमाणावरच्या लागवडीचं, लायसन्स काढून गांजा पिकवायचा, यांचा हिस्सा 8 टक्के. आजपर्यंत एक रोपही लागलेलं नाही. आता मित्र म्हणतोय प्रत्येकाने अजून 25 हजार टाका, नाहीतर हिस्सा 5 टक्क्यांवर येईल. पुण्यातले बाबा एफडी मोडून पैसे पाठवायला तयार आहेत, बायको नको म्हणतेय.

दादा, सरळच सांगतो, नका टाकू. वहिनींचं बरोबर आहे.

"आता मागे हटलो तर आधीचे 60 बुडतील" असं तुम्ही लिहिलंय आणि ती धाकधूक मला कळते, पण ते 60 आज ज्या अवस्थेत आहेत ती या 25 मुळे बदलत नाही. असं बघा, तुमचा या कंपनीशी काहीच संबंध नाही, आणि आज कोणीतरी येऊन सांगतंय की अर्धवट शेड आहे, लायसन्स नाही, माल नाही, 25 हजार द्या. दिले असते का?

तुम्ही पाठवलेला तिसरा फोटो मी बराच वेळ बघत बसलो. एलईडी लाईटची खोकी एकावर एक रचलीयेत, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही, मागे भिंतीवर इलेक्ट्रिक पॅनल आहे आणि त्यात मेन केबलच आलेली नाही. बंद शेडमध्ये पीक घ्यायचं म्हणजे लाईट, एसी, डीह्युमिडिफायर सगळं दिवसरात्र चालतं, त्याला मोठं कनेक्शन लागतं, आणि मे 2019 पासून हेल्थ कॅनडाचा, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा आहे की नव्या माणसाने अर्ज करतानाच जागा पूर्ण बांधून तयार पाहिजे. मग वीज नाही म्हणजे जागा तयार नाही, आणि जागा तयार नाही तर अर्ज गेला कसा? "लायसन्स हेल्थ कॅनडाकडे अडकलंय" हे मित्राचं म्हणणं मला या फोटोशी जुळत नाही. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाहीये, त्यालाही कन्सल्टंटने काहीतरी सांगितलं असेल, पण अर्जाचा नंबर आणि तारीख लेखी मागा, एवढ्या एका गोष्टीवरून बरंच कळेल.

आता धंद्याचं. त्यांच्या प्लॅनमध्ये ग्रॅमला पाच डॉलर भाव धरलाय, तो कुठल्या वर्षीचा आहे विचारा. मायक्रोवाला साधारणपणे ठोक माल प्रोसेसरला, म्हणजे तो पॅक करून पुढे विकणाऱ्या कंपनीला, विकतो, आणि एक्साईज आहे ग्रॅमला एक डॉलर किंवा उत्पादकाच्या भावाच्या 10 टक्के, जे जास्त असेल ते. भाव दहा डॉलर असता तर दोन्ही आकडे सारखेच आले असते, पण भाव खाली येत गेला तरी तो एक डॉलर काही कमी होत नाही, पाचला तो 20 टक्के होतो आणि अडीचला 40. ड्युटी पॅकिंग करणारा भरतो हे खरं, पण तो ती तुमच्याच भावातून वळती करून घेणार ना. प्लॅनमध्ये ही ओळच मला दिसली नाही.

2018 ची दिवाळी आठवा, गांजा लीगल होऊन तीन आठवडे झाले होते आणि प्रत्येक पॉटलकला कॅनोपी आणि अरोरा या बड्या गांजा कंपन्यांचे शेअर हाच विषय. त्याच अरोराने नोव्हेंबर 2019 मध्ये मेडिसिन हॅटचं अवाढव्य ग्रीनहाऊस बांधता बांधता थांबवलं, कॅनोपीने 2020 मध्ये ब्रिटिश कोलंबियातली दोन ग्रीनहाऊसं बंद केली आणि 2023 मध्ये स्मिथ्स फॉल्सची फॅक्टरी परत मूळ मालकाला, हर्शी या चॉकलेट कंपनीला विकली. त्यांच्याकडे पैसाही होता आणि लायसन्सही. मित्र म्हणतो मार्च 2025 पासून मायक्रोची लागवडीची मर्यादा 200 वरून 800 चौरस मीटर झाली, आता फायदा चौपट. पण ती मर्यादा सगळ्यांनाच वाढलीये, माल बाजारात सगळ्यांचाच वाढणार, आणि तुमच्या शेडमध्ये तर अजून 200 चीही सोय नाही.

हिस्सा 5 टक्क्यांवर आला तर येऊ द्या. शेड चालू झाली तर 5 टक्केही कामाचेच आहेत, नाही झाली तर 8 चं काय करणार?

मला जास्त काळजी वेगळीच वाटतेय. तुम्ही जाता जाता लिहिलंय की एलईडी लाईटच्या लीजवर, म्हणजे भाड्याच्या करारावर, "सगळ्यांनी सह्या केल्या". ती सही कंपनीतर्फे आहे की पर्सनल गॅरंटी आहे, म्हणजे कंपनीने नाही भरलं तर तुम्ही भरायचं, हे या आठवड्यात वकिलाकडून तपासून घ्या, कारण गॅरंटी असेल तर तुमचं नुकसान 60 वर थांबत नाही. आणि 60 हजारांचं शेअर सर्टिफिकेट हातात आहे का, की नुसते ईमेल आहेत?

टॅक्समध्ये थोडं परत मिळू शकतं. ही कंपनी छोटी कॅनेडियन प्रायव्हेट कंपनी म्हणून बसत असेल तर तोटा अलाउएबल बिझनेस इन्व्हेस्टमेंट लॉसमध्ये जातो, त्याचा अर्धा भाग पगारातूनही वजा होतो. म्हणजे 60 हजार पूर्ण गेले तर 30 हजार वजा, आणि तुमचा वरचा दर 30 टक्क्यांच्या आसपास धरला तर साधारण नऊ हजार. पण नुसतं काम रखडलंय म्हणून हे क्लेम होत नाही. कंपनी दिवाळखोरीत जावी लागते किंवा देणी भागवता येत नाहीत म्हणून धंदा बंद व्हावा लागतो, नाहीतर शेअर नात्याबाहेरच्या माणसाला विकावे लागतात, आणि जिथे कधी पीकच निघालं नाही तिथे "ॲक्टिव्ह बिझनेस होता कुठे" असा प्रश्न सीआरए, म्हणजे कॅनडाचं टॅक्स खातं, काढू शकतं. म्हणून बिलं, बांधकामाचे करार, फोटो सगळं अकाउंटंटकडे आत्ताच देऊन ठेवा. लाईन ऑफ क्रेडिटच्या व्याजाचं पण त्यांनाच विचारा.

माझं मत बदलेल, पण कधी? वीज आलेली, अर्ज गेलेला, प्रोसेसरने भाव लिहून दिलेला आणि मित्राने स्वतः तेवढेच नवे पैसे वकिलाच्या ट्रस्ट अकाउंटला भरलेले, हे सगळं झालं तर. तेव्हाही पाच हजारांच्या वर नको आणि ते स्वतःच्या सेव्हिंगमधून, शेअर न घेता मशिनरीवर रजिस्टर केलेलं लोन म्हणून.

बाबांचे पैसे मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. ते 71 चे आहेत, त्या एफडीच्या व्याजावर त्यांचं घर चालतं. शिवाय वर्षात 10 लाखांच्या वर बाहेर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापणार, तो रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तेही अडकले. त्यांना आजच फोन करा, तिकडे सकाळी बँक उघडायच्या आत, आणि एफडी मोडू नका म्हणून सांगा. मित्राशी रविवारी बोललात तरी चालेल.