किमान वेतन वाढलं म्हणून पोरं कमी करू नकोस

हे बघ, हॉटेल नवीन आहे, म्हणून आधीच सांगतो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. तो आकाशातून पडत नाही, महागाई निर्देशांकावर ठरतो. त्यामुळे 'अचानक वाढलं' असं रडू नकोस. आपलं गाव कोणत्या परिमंडळात, म्हणजे किमान वेतनाच्या दरासाठी पाडलेल्या कोणत्या गटात येतं, तेवढं बघून ठेव.

आता हिशोब मांड. समज आठ माणसं आहेत आणि प्रत्येकी 600 रुपये वाढले, म्हणजे महिन्याला 4800. रोज दीडशे प्लेट मिसळ आणि 26 दिवस धरले तर प्लेटमागे सव्वा रुपया. तेल महागलं की आपण न बोलता पाच रुपये वाढवतो ना!

मी एकदा शहाणपणा केला होता. वाढ आली तशी मोरीवरचा पोरगा कमी केला आणि भांडी वेटरच्या गळ्यात मारली. ऐन रविवारी सकाळी वाट्या संपल्या, गिऱ्हाईक उभं, आणि वेटर कोपरापर्यंत साबणात.

खरी गोम आचाऱ्याची. नव्या पोराचा पगार वर सरकला आणि दहा वर्षं मिसळीचा कट करणाऱ्याचा तिथंच राहिला, तर तो तोंडानं काही बोलत नाही, दिवाळीला गावी जातो तो येतच नाही. त्यालाही थोडं वाढव.

आणि जेवण-राहणं देतो म्हणून पगार कापायचा, असले सल्ले कुणी देईल. ऐकू नकोस. हजेरीपुस्तक आजच आण.