टर्न अराउंड, टर्न बॅक आणि टर्न ऑफ यांत नेमका फरक काय?

तिन्हींचा अर्थ मराठीत 'वळणे'च निघतो, मग लक्षात कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. याच घोळापायी माझा एक अख्खा दिवस वाया गेला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं गाव यवतमाळ-आर्णी रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत आहे. शेवटचा तुकडा पांदणीचा, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेचा. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमची कपाशी पाहायला एक परदेशी बाई येणार होत्या. ड्रायव्हर नागपूरचा, त्याला इकडचं काही माहीत नाही. फोनवर बाईच बोलत होत्या. रात्री पाऊस झाला होता, म्हणून पांदणीत चिखल असल्याचं मी त्यांना आधीच सांगितलं. थोड्या वेळानं फोन आला, गाडी फाटा सोडून दोनेक किलोमीटर पुढे गेली होती. मी म्हटलं, 'प्लीज टर्न बॅक.' आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, माझ्यासमोरून सरळ यवतमाळकडे निघून गेली. मी हात हलवत राहिलो. बाईंना वाटलं, रस्ता बंद आहे, येऊ नका असं मी सांगतोय. आमचा पुन्हा फोन लागेपर्यंत त्या यवतमाळात पोचल्या होत्या आणि त्यांना संध्याकाळी नागपूर गाठायचं होतं.

चूक माझी होती, पण ती मला शिकवलेली होती. तालुक्याच्या क्लासमध्ये सरांनी फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे 'टर्न बॅक'सारख्या जोडक्रियापदांची, झेरॉक्स यादी दिली होती. तिच्यात 'टर्न अराउंड' म्हणजे मागे वळणे आणि 'टर्न बॅक' म्हणजेही मागे वळणे. आम्ही ती तोंडपाठ केली.

दुसऱ्या दिवशी डवरणी, म्हणजे बैलांनी ओळींमधली कोळपणी, चालू होती. मी बाबांना सगळं सांगितलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधाशी, बैल वळवता वळवता ते म्हणाले, "हे पाय, बैल वापस नाही चालले, निरा तोंड फिरवलं त्यायनं. काम चालूच हाय ना. पाऊस आला तं आपण घरी वापस जातो, तवा काम बंद."

बाबा चौथी शिकलेले. पण फरक हाच आहे. 'टर्न अराउंड' म्हणजे तोंड उलट्या दिशेला करणं, पुढे कुठं जायचं ते वेगळं सांगावं लागतं. 'टर्न बॅक' म्हणजे निघालो होतो तो बेत सोडून माघारी जाणं, नाल्याला पूर आला की जातो तसं. मी म्हणायला हवं होतं, 'टर्न अराउंड अँड कम बॅक टू द फाटा.' 'टर्न ऑफ' म्हणजे मोठा रस्ता सोडून फाट्यावर वळणं. फाट्याला इंग्रजीत 'टर्न-ऑफ'च म्हणतात. पांदणीत शिरलात की 'टर्न इनटू'. गाडीनं पल्टी खाल्ली तर 'टर्न ओव्हर', साइडला घेतली तर 'पुल ओव्हर'. आणि बंडी, म्हणजे बैलगाडी, वळवायची असेल तर 'टर्न इट अराउंड'. 'टर्न अराउंड इट' म्हटलं की अर्थच बदलतो.

यादी देणारे तेच सर आम्हाला सांगायचे, डोक्यातून शेत काढल्याशिवाय तुम्हाला इंग्रजी येणार नाही. ते माझ्या मनाला आजही लागतं. प्राचीन ग्रीक शिलालेखांत एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे लिहायची पद्धत होती. तिचं नाव बूस्ट्रोफीडॉन, म्हणजे बैल वळतात तसं. लिपीच्या अभ्यासकांना बैलाचं वळणं चालतं आणि आमच्या पोरांनी तेच विसरायचं? संध्याकाळी गावातली पोरं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. मी त्यांना धुऱ्यावर नेऊनच शिकवतो.

एक सांगायचं राहिलं. ब्रिटिश लोक 'टर्न राउंड'ही म्हणतात, ते चूक नाही. 'टर्न ऑफ'चा दिवा बंद करणं हा अर्थ तुम्हाला माहीत असेलच. आणि 'टर्न डाउन', 'टर्न अप' यांचे नकार देणं, येऊन हजर होणं असले अर्थ शेतात सापडणार नाहीत, ते वाक्यातच शिकावे लागतात. त्यासाठी क्लास लावणार असाल तर आधी सरांना 'टर्न अराउंड' आणि 'टर्न बॅक' यांतला फरक विचारा. दोन्हींना 'मागे वळणे' म्हणाले तर फी भरू नका.