मॅडम, या गोळ्यायची सवय लागन का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशनाला बसते. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली की पेशंट गप्प असतो आणि सोबतचा माणूस मला बाजूला घेऊन विचारतो, "मॅडम, या गोळ्यायची सवय लागन का? जनमभर खा लागन का?" या प्रश्नावर एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकू पंचेचाळिशीच्या. कोरडवाहू शेती, पऱ्हाटी आणि तूर. मन उदास आहे अशी तक्रार घेऊन त्या आल्याच नव्हत्या. "आंग दुखते, डोकं भनभन करते, झोप नाई," एवढंच. सलाईन लावून झाली होती, ताकदीची इंजेक्शनं घेऊन झाली होती, अंगाराही झाला होता. खरं काय ते जावेनं सांगितलं. कापूस वेचायला दरवर्षी सगळ्या बायांच्या पुढं असणारी ही बाई, यंदा धुऱ्यावर बसून राहायची. कमरेला बांधलेलं फडकं संध्याकाळपर्यंत रिकामं. शेजारणीकडे सरगुंडे करायलाही गेली नाही म्हणून उन्हाळ्यातच जावेला शंका आली होती.

नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, मागच्या दोन आठवड्यांवर. बेरीज २७ पर्यंत जाते; काकूंची १७ आली. त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तो विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते शिरतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. काकू म्हणाल्या, "झोपली की उठूच नये वाटते." मग त्याच दिवशी फवारणीची औषधं घरातून हलवून दिराकडे कुलपात ठेवायला सांगितली आणि काही दिवस त्यांना एकटं ठेवायचं नाही असं जावेशी ठरवलं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घेतलं, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी सुरू केली.

काकांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "भाऊ, घरी दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का?"

खिशातून प्लास्टिकची पुडी निघाली. आत कात्रीनं कापलेली पट्टी, नाव अर्धं कापलं गेलेलं, चार गोळ्या शिल्लक. झोपेसाठी मेडिकलमधून आणलेल्या, चिठ्ठीशिवाय. नाव जुळवून पाहिलं तर अल्प्राझोलाम. आधी अर्धी घ्यायच्या, मग एक, आता एकीनंही झोप येईना. म्हणजे ज्या गोळीची खरोखर सवय लागते, ती हे घर कित्येक महिने निर्धास्तपणे खात होतं, आणि भीती होती दुसरीचीच! याचा दोष मी काकांना देत नाही. झोपेची गोळी त्याच रात्री गुण दाखवते. डिप्रेशनच्या गोळीला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक पडायला कधी सहा-आठ. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता, असा त्रासच जास्त. इथंच निम्मे लोक गोळी सोडून देतात असं मला वाटतं.

काकूंनी तो आठवडा काढला. गोळीच्या जोडीला आम्ही रोजचं एक छोटं काम ठरवलं: मन लागो न लागो, सकाळी अंगण झाडायचं आणि जावेसोबत पाण्याला जायचं. उत्साह आल्यावर काम करू म्हटलं तर या आजारात उत्साह येतच नाही. आधी हातपाय हलवावे लागतात. सौम्य डिप्रेशनमध्ये कधी एवढ्यावर आणि बोलण्यावरही भागतं, गोळी लागत नाही. काकूंचं तेवढ्यानं भागलं नसतं.

संक्रांतीला त्या वाणाला गेल्या. घरच्यांना वाटलं, झालं बरं. गोळी बंद.

तिसऱ्या दिवशी चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, चिडचिड. काका तरातरा आले. "पाहा, म्हनलं व्हतं ना! सवय लागली हिले."

मी त्यांना गुळगुळीत उत्तर दिलं नाही. शरीर या गोळीला सरावतं हे खरं आहे, म्हणून ती एकदम तोडली की काहींना असा त्रास होतो; बहुतेकांचा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. पण व्यसनात माणूस मात्रा वाढवत जातो, जीव त्याच वस्तूत अडकतो. काकूंनी ही गोळी कधी जास्त मागितली का? काका म्हणाले, "नाई. आठवन करून द्या लागते." झोपेची? यावर ते काही बोलले नाहीत.

पुढं महाशिवरात्रीच्या सुमारास काकू पुन्हा अंथरुणाला खिळल्या. हे मात्र वेगळं होतं. गोळी सोडल्याचा त्रास दिवसांत येतो. काही आठवड्यांनी हळूहळू परतून येतो तो आजार. बरं वाटायला लागल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, ती याच्यासाठी. जन्मभर नाही. वारंवार उलटणाऱ्या आजारात जास्त काळ लागते, ते डॉक्टर ठरवतात.

गोळी पुन्हा सुरू झाली. अल्प्राझोलाम डॉक्टरांनी हळूहळू उतरवायला घेतली; तीही एकदम थांबवायची नसते, फिट येण्याचा धोका असतो. मधल्या काळात रात्री जीव घाबरला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा म्हणून नंबर काकांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. एकदा त्यांनी केलाही.

एस्सिटालोप्राम दिवाळीनंतर पायरीपायरीनं कमी करत मार्गशीर्षात बंद झाली. दोन दिवस हलकी चक्कर, बाकी काही नाही. झोपेची गोळी मात्र अजून पाव शिल्लक आहे, आणि ती सोडवताना काकूंपेक्षा काकाच जास्त कुरकुर करतात.