सोळाव्या खेळीपाशी थांब

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बुद्धिबळाच्या डावाची स्कोअरशीट (खेळ्यांची नोंद) बघितली. इटालियन ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात), पहिल्या बारा खेळ्या पाढे म्हटल्यासारख्या. आणि मग? समोरच्याचा राजा किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) न करता मधेच अडकलेला, आणि तू वजीर घेऊन कोपऱ्यातलं प्यादं टिपायला गेलीस! डाव तिथे गेला. घड्याळाला कशाला बोल लावतेस?

१८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला स्टाइनिट्झ विरुद्ध फॉन बार्डेलेबेन हा डाव लाकडी पटावर मांड. पांढरी मोहरी स्टाइनिट्झची. तुझंच ओपनिंग: ई-४, ई-५, घोडे बाहेर, उंट सी-४ वर (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). स्टाइनिट्झ तेव्हा ५९ वर्षांचा, आदल्याच वर्षी लास्करने त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलेलं.

सोळाव्या खेळीला काळ्याने सी-६ केलं. राजा अजून ई-८ वरच. पांढऱ्या घोड्याला एफ-३ वरून डी-४ वर यायचंय, पण तिथे आपलंच प्यादं ठाण मांडून बसलंय. स्टाइनिट्झने काय केलं? ते प्यादं डी-५ वर ढकललं आणि सरळ देऊन टाकलं. घर रिकामं झालं. घोडा डी-४ वर आला, तिथून ई-६ वर. आता त्याला हुसकायला काळ्याकडे एकही प्यादं नाही. मला विचारशील तर पुढच्या आतषबाजीपेक्षा हीच खेळी मोठी.

आतषबाजी बाविसाव्या खेळीला. पांढरा हत्ती ई-७ वरचा काळा घोडा मारून, शह देत, काळ्या वजिराला खेटून बसतो. पाठीशी कोणी नाही! तरी वजिराने मारला तर काळ्याचा सी-८ वरचा हत्ती जातो. राजाने मारला तर पांढऱ्याचा दुसरा हत्ती ई-१ वरून शह देतो. आणि पांढऱ्याने मधे एक जरी शांत खेळी केली, तर सी-१ वर त्याच्यावरच मात. म्हणून तो ई-७ वरचा हत्ती एफ-७, जी-७, एच-७ असा शह देतच फिरतो.

तिथे बार्डेलेबेन उठला आणि न बोलता हॉलबाहेर गेला. घड्याळ संपेपर्यंत परतला नाही. उरलेली दहा खेळ्यांची मात स्टाइनिट्झने प्रेक्षकांना करून दाखवली. (परवा तूही हात न मिळवताच उठलीस म्हणे.)

सोळाव्या खेळीनंतर थांब. मोबाइल आईकडे दे. प्रत्येक मोहऱ्याला कुठलं घर हवंय आणि तिथे कोण बसलंय, ते वहीत लिही. वही रविवारी घेऊन ये. मी पट मांडून ठेवतो.

तुझा,
सर