‘हाजिमे’ म्हणणारं तिथं कुणी नसतं

(उत्तरं देणाऱ्या ताई फोंड्याला ज्युदो आणि स्वसंरक्षणाचे वर्ग घेतात. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी पर्वरीची, वय 27. शाळेपासून कराटे शिकले, ब्राऊन बेल्ट आहे. गेल्या पावसाळ्यात शेवटच्या बसमधून उतरून स्कूटरकडे चालले होते. एका माणसानं काहीतरी विचारलं आणि बोलता बोलता माझं मनगट धरलं. मी काहीही केलं नाही. ओरडलेसुद्धा नाही, नुसती उभी राहिले. मागून एक पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) हॉर्न वाजवत आला म्हणून तो सटकला. इतकी वर्षं शिकलेलं गेलं कुठं? आता क्लासला जायची लाज वाटते.

लाज आधी बाजूला ठेव, पोरी. तुझं शिकलेलं कुठंही गेलं नाही. ते फक्त बोलावणं यायची वाट बघत राहिलं. क्लासमध्ये समोरचा वाकून नमस्कार करतो, तूही करतेस, सर ‘हाजिमे’, म्हणजे ‘सुरू करा’, म्हणतात आणि मग हात सुटतात. रात्री स्टँडवर ‘हाजिमे’ म्हणणारं कुणी नसतं. तिथं सुरुवात होते ‘बाय, पणजेची बस गेली काय गो?’ अशी, आणि आपण सुशील मुली उत्तर द्यायला थांबतो. तुझ्या हल्ल्याची सुरुवात मनगट धरल्यावर झाली नाही, त्या प्रश्नापाशीच झाली. त्या भागाचा सराव तुला कुणी दिलाच नव्हता.

थिजण्याबद्दल. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं 1915 साली भीतीत शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं ते मांडलं. लोकांच्या डोक्यात तेवढंच बसलं. तिसरी प्रतिक्रिया थिजण्याची, आणि तीही शरीराचीच. स्टॉकहोमच्या दवाखान्यात बलात्कारानंतर आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 70 टक्के जणींनी हल्ल्याच्या वेळी अंग लाकडासारखं झाल्याचं, हलता न आल्याचं सांगितलं. तेव्हा ‘तू प्रतिकार का नाही केलास?’ असं तुला कुणी विचारलं तर हा आकडा तोंडावर फेक.

आता कामाचं. अ‍ॅड्रिनलिन चढलं की रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं. बोटं बधिर होतात, नजर समोरच्या एका गोष्टीला चिकटते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. म्हणून स्कूटरची किल्ली भोकात जात नाही आणि फोनचं कुलूप उघडत नाही. बोटांचं नाजूक काम असलेली प्रत्येक युक्ती पहिल्या झटक्यात जाते. उरतं ते ढकलणं, तळहाताचा खालचा भाग हनुवटीवर हाणणं, कोपर, गुडघा आणि पळणं. काता, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, सुंदर असतात, मला स्वतःला बघायला आवडतात, पण त्यांतल्या किती हालचाली भिजलेल्या रेनकोटात करता येतील?

मनगट सोडवायचं तंत्र तुला येत असणार : पकडीत चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा, म्हणून अंगठ्याच्या दिशेनं हात काढायचा. क्लासमध्ये सुटतो, कारण जोडीदार जागेवर उभा असतो. खरा माणूस ओढतो. ओढला की तुझा हात कोपरात सरळ होतो, आणि सरळ हातात जोर नसतो. मग कितीही पीळ दे, सुटत नाही. म्हणून आधी त्याच्याकडे एक पाऊल टाक. विचित्र वाटेल, पण त्यानं कोपर वाकतं आणि पोटाशी येतं. मग हात नाही, अख्खं अंग वळव, आणि त्याच क्षणी मोकळा तळहात त्याच्या तोंडावर. हे ओढणाऱ्या जोडीदाराबरोबर कर. उभ्या जोडीदाराबरोबर केलेलं शंभरदा केलं तरी विसर.

पण माझ्या मते तू थिजलीस ते एकाच भीतीनं नव्हे. एक भीती मार लागण्याची. दुसरी तमाशा होण्याची : उगाच ओरडले आणि तो बिचारा खरंच बस विचारत असला तर? कुणी ओळखीचं बघत असेल तर? आपल्याकडे दुसरी भीती जास्त खोल आहे, आणि तिचा सराव कुठल्याच बेल्टच्या परीक्षेत नसतो. आमच्या वर्गात नव्या बायका आल्या की मी पहिल्यांदा ओरडायला सांगते. पहिला आवाज निघतो तो हसण्याचा. दुसरा पुटपुटल्यासारखा. लाथा दोन दिवसांत जमतात, आवाजाला आठवडे लागतात. आम्ही ‘फाटीं सर!’ (मागे हो!) असं कोकणीत ओरडतो. घरात मराठी असली तरी स्टँडवरच्या गाडेवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ते एका झटक्यात कळतं. पुढचं वाक्य : ‘मी याला ओळखत नाही!’ हे फार महत्त्वाचं. नाहीतर लोक नवराबायकोचं भांडण समजून वाट वाकडी करतात.

ओरडण्याचा आणखी एक फायदा. थिजलेला माणूस श्वास धरून ठेवतो. ओरडायचं तर श्वास सोडावाच लागतो, आणि श्वास सुटला की पाय सुटतात. आवाज नाहीच निघाला तर तोंडानं लांब फुंकर मार, तीही चालते.

हे सगळं भीतीसकट कसं शिकायचं? अमेरिकेत 1971 साली एका ब्लॅक बेल्ट असलेल्या स्त्रीवर बलात्कार झाला, आणि त्यावरून तिथं अंगभर पॅड बांधलेल्या खोट्या हल्लेखोराशी पूर्ण जोरानं लढायची पद्धत सुरू झाली असं सांगतात. आमच्याकडचा खोटा हल्लेखोर म्हणजे क्रिकेटचे पॅड, मोटरसायकलचं हेल्मेट आणि छातीला बांधलेली गादी. आतला माणूस एरवी पंचायतीत कारकून. त्याला धड शिव्याही येत नव्हत्या. वर्गातल्या मासळी विकणाऱ्या एका काकीनं त्याला त्या उच्चारासकट शिकवल्या.

पोरींना आधी जिने चढवून दम लागेपर्यंत पळवायचं. मग हेल्मेट, रेनकोट, खांद्याला बॅग, हातात किल्ली. दिवे मंद. तो येतो आणि वेळ विचारतो. निम्म्या वेळा तो वेळ विचारून खरंच निघून जातो, आणि हा सरावातला सगळ्यात मोलाचा भाग. मारायचं कधी नाही हेही घाबरलेल्या डोक्याला शिकावं लागतं. एरवी पोरी दिसेल त्याला बडवायला शिकतात किंवा, तुझ्यासारख्या, ठरवता ठरवता उभ्या राहतात. नियम एकच ठेवलाय : अनोळखी माणूस हातभर अंतरात आला की एक पाऊल मागं आणि दोन्ही तळवे छातीसमोर, बोलताना हातवारे करावेत तसे. यात कुणाचा अपमान होत नाही. तरीही तो पुढं आलाच, तर तुझा निर्णय त्यानंच करून दिला.

क्लासला जा आणि सरांना हे करून घ्यायला सांग. ‘भिवपाची गरज ना’, म्हणजे घाबरायची गरज नाही, हे वाक्य गोव्यात फार स्वस्त झालंय. भिवपाची गरज आसा. भिऊनच शिकायचं.

प्रश्न : मी साखळीहून लिहितेय. मुलगी 13 वर्षांची. एका शिबिरात प्रशिक्षकांनी न सांगता दिवे घालवले आणि मागून मुलींना पकडलं. ‘भीती मोडायची’ असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मुलगी दिवा लावून झोपते. ‘पुन्हा जाणार नाही’ म्हणते. तिला जबरदस्तीनं पाठवू का?

नाही. आणि त्या प्रशिक्षकांना जाऊन विचारा की याला ते प्रशिक्षण कशाच्या जोरावर म्हणतात.

ताणाची सवय लावायच्या पद्धतीला मानसशास्त्रात पाया आहे. डोनाल्ड माइकेनबाउम यांनी मांडलेल्या पद्धतीत तीन टप्पे येतात : आधी भीतीत काय होतं ते समजून घेणं, मग कौशल्यं शिकणं, मग थोड्या थोड्या ताणाखाली ती वापरणं. तुमच्या शिबिरात पहिले दोन गाळून एकदम तिसरा केला, तोही पूर्ण जोरानं. त्यातून मुलगी एवढंच शिकली की अंधारात आपल्याला काही करता येत नाही. आमच्याकडे काय होणार ते आधी सांगितलेलं असतं, थांबवायचा शब्द प्रत्येकीकडे असतो आणि तो उच्चारला की हल्लेखोर जागच्या जागी बसतो. शिवाय प्रत्येक फेरी मुलगी सुटून दाराबाहेर पळाल्यावरच संपते. अर्धवट सोडायची नाही.

घरी काय कराल? काही आठवडे काहीच नाही, दिवा राहू दे. झोप सुधारली नाही तर समुपदेशकाला भेटा. मग हळूच, उजेडात, तिनं तुम्हाला पकडायचं आणि तुम्ही सुटायचं, असं उलट्या बाजूनं सुरू करा. ती हसली की भूमिका बदला.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आपल्या देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. अंधारात मागून येणारा अनोळखी माणूस हे शिबिरवाल्यांचं आवडतं चित्र आहे, कारण ते करून दाखवायला सोपं. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ओळखीच्या पुरुषांकडून होणारी जबरदस्ती ओळखणं आणि रोखणं यावर भर देणारा 12 तासांचा वर्ग घेतला, त्याचे निष्कर्ष 2015 साली आले. फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या विद्यार्थिनींपैकी वर्षभरात 9.8 टक्के जणींवर बलात्कार झाला होता, वर्ग केलेल्यांत हे प्रमाण 5.2 टक्के होतं. तिथं मारामारीपेक्षा ‘हे ठीक नाही’ हे लवकर ओळखणं आणि ते बोलून दाखवणं यालाच जास्त वेळ होता.

तेव्हा तिच्याबरोबर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, घराचा सराव करा. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घर पाहुण्यांनी भरलंय, एक काका गाल ओढतात, जवळ घेतात, सोडत नाहीत. तिनं सगळ्यांदेखत ‘काका, नको, मला आवडत नाही’ असं मोठ्यानं म्हणायचं. काकांची भूमिका बाबांना द्या. आणि आजीला आधीच बजावून ठेवा की त्या दिवशी ‘असं बोलू नये गो मोठ्यांना’ म्हणायचं नाही.

प्रश्न : मी मडगावचा, वय 22. चाकूहल्ला अडवायचे बरेच व्हिडिओ बघतो. डिकीत एक चाकू ठेवावा म्हणतोय. तुमचं मत?

ठेवू नकोस. डेनिस टूलर या अमेरिकन पोलिसानं 1983 साली दाखवून दिलं की धडधाकट माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात तू स्कूटरची सीटही उघडणार नाहीस. उघडलीस तर तुझ्या थरथरत्या हातातला चाकू दोघांपैकी कुणाचाही होऊ शकतो, आणि पोलिसांसमोर तू चाकू घेऊन फिरणारा ठरतोस.

व्हिडिओंचं म्हणशील तर मित्राला एक जाड मार्कर दे, जुना पांढरा बनियन घाल आणि ‘हवं तसं भोसक’ म्हण. वीस सेकंदांनी बनियन बघ. नंतर मला पत्र लिहावंसं वाटलं तर पळायचा व्यायाम कसा करायचा ते विचार.

प्रश्न : वास्कोला माझं दुकान आहे, रात्री मी एकटीच बंद करते. हल्लेखोराला मी मारलं आणि त्याला जबर लागलं तर मीच आत जाईन का? आणि मिरचीचा स्प्रे ठेवला तर चालेल?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम 34 ते 44 खाजगी बचावाच्या हक्काची. दुकानदारानं ती वकिलाकडून एकदा समजावून घ्यावीत, मी वकील नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी दोन गोष्टी सांगते. पहिली : हक्क पहिला फटका खाल्ल्यावर सुरू होत नाही. धोक्याची वाजवी भीती वाटली की तो सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो. दुसरी : बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. तो पडला आणि पळता येण्यासारखं आहे, तर पळा. पडलेल्याला आणखी चार लाथा घातल्या तर त्याला बचाव म्हणता येणार नाही. बलात्कार, जिवाला धोका, अ‍ॅसिडहल्ला अशा प्रसंगांत बचावाची मर्यादा हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाते, ते कलम 38.

स्प्रे ठेवा, पण पर्सच्या तळाशी रुमाल आणि बिलांखाली नको. शटर ओढताना तो हातात हवा. खरेदी करताना मुदतीची तारीख बघा. समुद्राकडचा वारा समोरून असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येईल, म्हणून तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या स्प्रेवर दुकानासमोर सराव करा, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी. फोनमधली आपत्कालीन कॉलची सोय आजच चालू करा, म्हणजे स्क्रीन न उघडता 112 लागेल. कशी लावायची ते भाच्याला विचारा, तुमच्या फोनमधली बटणं मला कुठली ठाऊक!

प्रश्न : वय 68, म्हापसा. सकाळी फिरायला जाते. सोनसाखळी ओढणाऱ्यांची भीती वाटते. गुडघे दुखतात, या वयात काय शिकणार?

काकी, साखळी घरी ठेवून जा. मंगळसूत्र काढवत नसेल तर गळ्याभोवती ओढणी किंवा पदर घट्ट घ्या. गाडी मागून येऊ नये म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाला.

ओढलीच तर सोडून द्या. या वयात साखळीपेक्षा खुब्याचं हाड महाग, आणि ओढाताणीत बाई पडते ती त्या हाडावरच. शिकायचं म्हणाल तर दोन शेजारणी सोबत घ्या आणि रोज फिरून परतताना एकदा, पूर्ण ताकदीनं, ‘चोर! चोर!’ ओरडा. वाड्यावर आधी सांगून ठेवा, नाहीतर पाव विकणारा पोदेर सायकल टाकून पळेल.