लहानपणी व्हीसीआरवर पाहिलेला ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ आता डिस्कवर पुन्हा पाहावा का?

पाहाच. तुम्ही लिहिलंय की शाळेत असताना कॅसेटवर हा सिनेमा अर्ध्यात सोडला होता, आणि आता १९६८ सालचे इफेक्ट्स बघून विरस होईल अशी धास्ती वाटते. माझीही हीच गत होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी सांगलीचा. नववीत असताना मामानं मुंबईहून याची कॅसेट आणली होती, कॉपीवरून केलेली कॉपी. व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्यानं आणलेला, त्यामुळे घरच्यांचे दोन हिंदी सिनेमे झाल्यावर रात्री एक वाजता माझा नंबर लागला. आधी माकडं, मग अंतराळयान, आणि बोलतंय कोण? कोणीच नाही. पहिला संवाद यायलाच जवळजवळ २५ मिनिटं लागतात. कळलं काही नाही, पण कॅसेट जपून ठेवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात खालचं कपाट पाण्यात बुडालं. चिखल धुऊन कॅसेटचं झाकण उघडलं, तर फितीचे वेढे एकमेकांना चिकटून घट्ट वडी झालेली. फार वाईट वाटलं. पुढच्या दिवाळीला आतेभावानं ब्ल्यू-रे आणून दिली.

तेव्हा लक्षात आलं की मी हा सिनेमा आधी पाहिलाच नव्हता.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं तो ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी काढला. चित्राची रुंदी उंचीच्या २.२ पट. आपला जुना टीव्ही ४:३. चित्र त्या चौकटीत भरायचं म्हणून माझ्या कॅसेटवर दोन्ही कडा छाटलेल्या होत्या, म्हणजे जवळजवळ ४० टक्के चित्र गेलं. भावे नाट्यमंदिरात दोन्हीकडून पडदा अर्धा ओढून ठेवला आणि मधल्या पट्टीत नाटक करायला लावलं, तर काय दिसेल?

एकच प्रसंग सांगतो. हॅल या संगणकावर विश्वास उरलेला नाही, म्हणून दोघे अंतराळवीर छोट्या यानात बसून, आवाज बंद करून त्याच्याविषयी बोलतात. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, आणि दोघांच्या मधोमध गोल खिडकीतून लांबवर हॅलचा लाल डोळा. कॅसेटवर दोघांचे चेहरे कडेला अर्धे कापलेले होते आणि तो डोळा म्हणजे पसरलेला लाल डाग; त्या व्हीएचएस कॅसेटवर लाल रंग नेहमीच फुटायचा. ब्ल्यू-रेवर तो ठिपका स्थिर आणि टोकदार आहे. तो ऐकत नाहीये, ओठ वाचतोय, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

दुसरी गोष्ट शांततेची. निर्वात पोकळीत आवाज नसतो, आणि कुब्रिकनं ते पाळलंय. यानाबाहेर फक्त हेल्मेटमधला श्वास ऐकू येतो, मग तोही थांबतो. कॅसेटच्या खरखरीत ती शांतता मला मिळालीच नव्हती.

इफेक्ट्सचं म्हणाल तर संगणकानं काढलेली एकही चौकट यात नाही. अंतराळवीर गोल भिंतीवरून धावतो ते दृश्य आठवतंय ना? त्यासाठी ३८ फूट व्यासाचं खरं चाक बांधलं होतं. ते जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरायचं, आणि माणूस तळाशीच धावत राहायचा. हवेत तरंगणारं पेन फिरत्या काचेवर दुतर्फा चिकटपट्टीनं लावलेलं आहे. हवाईसुंदरी ते घेते त्या क्षणी नीट बघा, तिनं ते काचेवरून सोडवल्याचं जाणवतं. मला ते बघून उलट आनंद झाला, कुणीतरी हातानं केलंय म्हणून. आणि हे सगळं माणसानं चंद्राभोवती जाऊन अख्खी पृथ्वी डोळ्यांनी पाहण्याआधीचं! अपोलो ८ गेलं त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, सिनेमा आला एप्रिलमध्ये.

खटकतं तेही सांगतो. चंद्रावरची बैठक आजही लांबते. आणि इतक्या पुढच्या काळात बायकांच्या वाट्याला बहुतेक ट्रे घेऊन फिरणंच आलंय, ते मला आता फार बोचतं.

ब्ल्यू-रे मिळत नसेल तर डीव्हीडीही चालेल, पण वर-खाली काळ्या पट्ट्या असलेलीच घ्या. टीव्हीवर चित्र ताणून भरायची सेटिंग बंद करा, हालचाल गुळगुळीत करणारीही बंद करा. खोलीत अंधार हवा. शक्यतो रात्री बघा, पंखा बंद करून. सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं पडदा काळाच राहील, नुसतं संगीत वाजेल. डिस्क खराब आहे असं समजून पुढे ढकलू नका, सिनेमा तिथूनच सुरू होतो.