मान मिळेल हो, पण त्यासाठी भरती व्हायचं का?

ताई, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचं पत्र आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही कराड तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहात. यजमान साखर कारखान्यात. मुलगा बारावी सायन्सला आहे, दहावीला ८१ टक्के होते, आणि दिवाळीपासून पहाटे भरती अकॅडमीत पळायला जातोय. त्याला अग्निवीर व्हायचंय, म्हणजे फौजेत चार वर्षांसाठी भरती व्हायचंय. सासरी तीन पिढ्या फौजेतल्या, त्यामुळे घर खूश. तुमचा सख्खा भाऊही फौजी होता. २००२ साली राजस्थानच्या सीमेवर सुरुंगात त्याचा पाय गुडघ्याखालून गेला. तुम्ही मुलाला ‘जरा थांब’ म्हणालात, तर दीर चारचौघांत म्हणाले, ‘फौजीच्या घरात असलं बोलणं शोभत नाही.’ पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय: ‘कोरोनात मीपण घरोघरी फिरले, माझा फ्लेक्स कुणी लावला नाही. मग फौजीलाच वेगळा मान का? आणि तो मान बघून पोरगा निघाला असेल तर त्याला अडवू का?’

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो, वेगळा मान द्यावा’ असं आहे. तुम्हाला ते आवडणार नाही कदाचित, पण कारण ऐका.

धोका मोजायला बसलो तर तुमचं म्हणणं खरंच आहे. गटारात उतरणारा सफाई कामगार, खांबावर चढणारा वायरमन, साथीत फिरणारी आशा, हे सगळे जिवावर उदार होऊन काम करतात आणि त्यांना कुणी सलाम ठोकत नाही. (फ्लेक्सचं मनावर घेऊ नका. आपल्याकडच्या फ्लेक्सवर जवानापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात.) शौर्याच्या मापाने फौजी तुमच्यापेक्षा वरचा ठरत नाही. फरक आहे तो नकाराच्या हक्काचा. तुम्ही उद्या काम सोडलंत तर मानधन बंद होईल, एवढंच. जवान आघाडीवरून निघून गेला तर तो गुन्हा ठरतो, कोर्ट मार्शल होतं. शपथ घेतली त्या दिवशी त्याने आपल्या जिवाचा निर्णय दुसऱ्यांच्या हाती दिलेला असतो. कुठल्या टेकडीवर जायचं, कधी जायचं, ती टेकडी एवढ्या जिवांच्या मोलाची आहे का, हे तो ठरवत नाही. दिल्लीत बसलेली माणसं ठरवतात आणि त्यांना आपण निवडून दिलेलं असतं. एवढं मोठं काही कुणी आपल्या हवाली केलं, तर आपण त्याचं देणं लागतो. त्या मानाचा अर्थ मी एवढाच घेतो.

आणि देणं लागतो म्हटल्यावर हिशोब विचारणं आलंच. त्यामुळे दिरांना जे शोभत नाही वाटलं, ते मला उलट फौजीच्या घरातलं सगळ्यात रास्त बोलणं वाटतं.

तुमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या. गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ लागतं, घरटी फौजी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मेले, गावात त्यांचं स्मारक आहे. ते लढले कुणासाठी? इंग्रजांच्या साम्राज्यासाठी. त्याच युद्धात आपल्या मराठा पलटणी, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. ज्या डिव्हिजनमध्ये त्या होत्या तिचं नावच पूना डिव्हिजन. डिसेंबर १९१५मध्ये तुर्कांनी कूत गावात त्यांना वेढलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. दाणागोटा संपला, घोडे कापून खायची पाळी आली, आणि आपल्यातल्या अनेकांनी धर्मापायी बरेच दिवस ते मांस तोंडातही घेतलं नाही. सुटकेसाठी निघालेल्या फौजा वाटेतच अडल्या, त्यांतले हजारो पडले. २९ एप्रिल १९१६ला कूत शरण गेलं. पुढे कैदेत, वाळवंट तुडवताना, उपासमारीने आणि आजाराने कितीतरी साधे शिपाई मेले. सातारा-रत्नागिरीच्या शेतकऱ्याच्या पोराचं तैग्रीस नदीकाठी काय अडलं होतं? कोरडवाहू जमीन, घरावरचं कर्ज आणि गावात फौजीला असलेला मान, एवढ्यावर तो गेला.

आता त्यांना मान द्यायचा की नाही? मी देतो. त्या युद्धाला मात्र देत नाही. माणसाचा मान आणि त्याला जिथे पाठवलं त्या लढाईचा मान ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. ती एकत्र केली की मग कुणी युद्धाबद्दल प्रश्न विचारला तर जवानाचा अपमान झाला म्हणून लोक अंगावर येतात. तुमच्या घरात तेच झालंय.

तुमच्या भावाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मी तिथेच जास्त वेळ थांबलो. २००२ आणि राजस्थान म्हणजे ऑपरेशन पराक्रम. १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला आणि लाखोंची फौज सीमेवर नेऊन उभी केली. दहा महिने ती तिथेच उभी होती. मैलोन्‌मैल शेतजमिनीत सुरुंग पेरले आणि नंतर ते परत काढले. पेरताना, काढताना, दारूगोळा हाताळताना आणि वाहनांच्या अपघातांत शेकडो जवान मेले किंवा जायबंदी झाले. शेतकऱ्यांची गुरं आणि माणसंही त्यात सापडली. लढाई मात्र झालीच नाही. कारगिलचे ५२७ हुतात्मे दरवर्षी २६ जुलैला आपल्याला आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण जी लढाई झाली नाही तिच्यात पाय गेलेल्याचा दिवस कुठला? तो टेकडी घेताना पडला नाही, म्हणून त्याची गोष्ट कुणी भाषणात सांगत नाही. पाय तर तेवढाच गेला.

तुम्ही लिहिलंय की तो अजूनही रात्री ओरडून उठतो आणि घरचे म्हणतात, सवय आहे त्याची. ताई, ही सवय नाही, आघाताचा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. अपंगत्वाची पेन्शन आहे म्हणजे त्याला ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड मिळतं. त्या योजनेच्या पॉलीक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. कार्ड काढलं नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याचं डिस्चार्ज बुक घेऊन जा. मुलाच्या भरतीआधी हे काम करा. कृत्रिम पाय कधीचा आहे तेही बघा. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये, १९४४ पासूनची संस्था आहे ती, पाय बदलून आणि नीट बसवून मिळतो. वीस वर्षांपूर्वीचा पाय ओढत फिरायचं काही कारण नाही.

युद्धाची किंमत सीमेच्या एकाच बाजूला पडत नाही, हेही मुलाच्या कानावर घाला. २०२५च्या मे महिन्यात पुंछमध्ये तोफगोळे पडले तेव्हा घरात बसलेली माणसं मेली, लहान मुलंसुद्धा. आणि समोर बंदूक घेऊन उभा असलेलाही कुणाच्या तरी घरचा असतो. कारगिलला पाकिस्तानने आपल्या कित्येक सैनिकांचे मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला, तेव्हा भारतीय जवानांनी त्यांना इस्लामी रीतीने दफन केलं. ज्यांच्याशी आदल्या दिवशी लढले त्यांनाच. फौजीबद्दलचा माझा आदर अशा गोष्टींवर जास्त टिकून आहे. आपल्याकडे ही समज जुनी आहे. १६७३ साली शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना पाठवलेलं पत्र अवश्य वाचा. दाणावैरण बेताने वापरा, ती संपवून रयतेला उपद्रव दिलात तर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. दिव्याची जळती वातसुद्धा विझवा, नाहीतर उंदीर ती ओढत नेतील आणि गवताला आग लागेल. इतक्या बारकाईने ते लिहिलंय. वर्दीला मान आपोआप मिळत नाही, तो वागण्यावर ठरतो, हे त्या पत्रात स्पष्ट दिसतं.

आता करिअरचं बोलू, तुम्ही मला त्यासाठी लिहिलंत.

मुलगा मान बघून निघालाय का, याची परीक्षा सोपी आहे. त्याला विचारा, चार वर्षांनी तू कुठे असशील? ‘फौजेत’ असं उत्तर आलं तर त्याने अग्निपथ योजना नीट वाचलेली नाही. तुमच्या दिरांच्या डोळ्यांसमोर जुनी फौज आहे: सतरा वर्षं नोकरी, पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना. जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या योजनेत नोकरी चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या बचतीत, जातात, हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,०००. शेवटी सरकारचा वाटा आणि व्याज धरून सुमारे ११.७१ लाख मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम करतात. सेवेत मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा आहे, सेवेमुळे आला असेल तर आणखी ४४ लाख. अपंगत्व आलं तर टक्क्यांप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख एकदाच. म्हणजे मामाला जे आयुष्यभर मिळतंय, ते भाच्याला तसंच्या तसं मिळणार नाही. हे आकडे योजना जाहीर झाली तेव्हाचे आहेत. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचा. बाहेर पडल्यावर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा ठेवल्यात. पण पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीला भरतात, त्यामुळे ‘पुढं काय झालं रे’ असं ज्याला विचारावं असा अनुभवी मुलगा तुमच्या गावात तूर्त शोधून मिळणार नाही. अकॅडमीवाल्यांना तर विचारूच नका. त्यांचा धंदा भरतीपर्यंतचा.

याचा अर्थ जाऊ नये असा नाही. अठराव्या वर्षी जाऊन बाविसाव्या वर्षी अकरा-बारा लाख आणि शिस्त घेऊन परत येणं हे गावाकडच्या कित्येक मुलांसाठी चांगलं आहे. पण तुमच्या मुलाचे गुण पाहता त्याने आधी एनडीएचा, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, प्रयत्न करावा असं मला वाटतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे अजून एक-दोन संधी हातात आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा होते, गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० ची, मग एसएसबीची (फौजेच्या निवड मंडळाची) मुलाखत ९०० ची. निवड झाली तर खडकवासल्याची तीन वर्षं सरकारी खर्चाने, पदवीसह. धोका तिथेही तोच आहे, तुमची भीती त्याने कमी होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. फक्त जे तो देणार आहे त्याच्या बदल्यात मिळणारी हमी तिथे जास्त आहे. (ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची जाहिरात बघावी, मुलींसाठी नाशिकला आहे.)

एनडीए जमलं नाही आणि अग्निवीरच व्हायचं ठरलं, तर जनरल ड्युटीऐवजी टेक्निकलला अर्ज करू द्या. बारावीला भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी हवं, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. चार वर्षांनी हातात हुन्नर राहतो. शिवाय फौज म्हटलं की पोरांना फक्त बंदूक दिसते. कारवारकडच्या रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळालं ते १९४८ साली नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून वाट मोकळी केल्याबद्दल. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीचे, अधिकारी होते ते, जखमी असून तीन-चार दिवस ते काम करत राहिले आणि पुढे मोठं आयुष्य जगले. मुलाला हे नाव माहीत नसेल तर सांगा. त्याच्या मामाशी त्या निमित्ताने बोलणं सुरू होईल. सुरुंगाबद्दल घरात मामाइतकं कुणाला कळतं? आजवर त्याला कुणी विचारलं नसावं असा मला संशय आहे.

अडवू नका. मात्र सही करण्याआधी त्याला हे सगळं माहीत असलं पाहिजे. हवं तर हे उत्तर दिरांनाही वाचायला द्या.

अकॅडमीची पुढच्या वर्षाची फी आत्ताच भरू नका. त्याआधी कराडला चांगल्या डॉक्टरांकडून त्याचे डोळे, कान, दात, सपाट तळवे आणि उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात का, एवढं तपासून घ्या. रंग ओळखण्याची तपासणीही करा. दरवर्षी कितीतरी मुलं सोळाशे मीटर पहिल्या गटात पळतात आणि मेडिकलला परत येतात. रिपोर्ट आणि बारावीचे गणिताचे गुण मला पाठवा, मग एनडीएच्या पुढच्या फॉर्मचं बघू.